गटारसायब

आमच्या बांधकाम खात्यातला फोन वाजला की तो उचलायचा आणि "हा रस्ता आमच्याकडे येत नाही" असं सांगून खाली ठेवायचा, हे मी नोकरीला लागल्या लागल्या शिकले. ते खोटं नसायचं. जिल्ह्यात रस्त्यांचे मालक पुष्कळ. हमरस्ता एका ऑफिसचा, गावात शिरणारा दुसऱ्याचा, वाडीतली पायऱ्यांची पाखाडी ग्रामपंचायतीची, आणि मधला एखादा तुकडा असा, की तो कुणाचा हे रवळनाथालाच ठाऊक. सिंधुदुर्गनगरीच्या त्या इमारतीत मी साहेबांची स्वीय सहायक म्हणून अर्धं आयुष्य काढलं. साहेब म्हणजे कार्यकारी अभियंता, खात्याचा जिल्ह्यातला प्रमुख. खुर्चीवर कितीतरी आले नि गेले. त्यांची नावं आता मलाही क्रमाने सांगता येणार नाहीत. एक मात्र डोक्यातून जात नाहीत.

ते रुजू झाले त्याच आठवड्यातली गोष्ट. खारेपाटणच्या बाजूचा कुणी म्हातारा फोनवर तावातावाने बोलत होता. स्कूटरवरून पडला होता. मी नेहमीचं वाक्य म्हणायला सुरुवात केली, तोच मागून हात आला आणि रिसीव्हर गेला.

"पडलात ना? लागलं कुठे?... गुडघ्याला. एक्सरे काढला का?... हो, रस्ता माझाच. बोला."

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "सर, तो रस्ता आपल्याकडे येत नाही."

"माणूस खाली पडला," साहेब म्हणाले. "पडता पडता खालची जमीन कुणाची आहे ते त्याने वाचायचं होतं का?"

झालं. पुढे दोन दिवस मी त्या रस्त्याचा खरा मालक शोधत बसले, आणि साहेब त्या मालकाला रोज सकाळी फोन करून "आमच्या खड्ड्याचं काय झालं" असं विचारत राहिले. खड्डा भरला. पण ही बातमी जिल्हाभर गेली. मग कुणाचाही, कुठलाही, कसलाही रस्ता खचला की आमचा फोन वाजू लागला. आमचे उपअभियंता पोटाच्या गोळ्या खिशात ठेवून हिंडणारे सज्जन गृहस्थ. ते एकदा माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ह्या माणसापायी आपण सगळ्या जिल्ह्याचे गुन्हेगार झालो." मला हसू आलं नाही. मी तेव्हा दमलेली होते. त्या साहेबांच्या हाताखाली सगळेच दमलेले असायचे, आणि सगळ्यात जास्त दमलेले ते स्वतः. पण दमलेल्या माणसाने निदान दुसऱ्याला थोडं सोडून द्यावं, तसं त्यांचं नव्हतं.

घाटावरचे होते. कुटुंब तिकडेच. इथे स्टाफ क्वार्टरमध्ये एकटे राहायचे आणि दोन्ही वेळा दहीभात खायचे. मालवणी मुलखात बदली होऊन आलेला माणूस दहीभात खातो, यावर आमच्या ऑफिसात जेवढी हळहळ व्यक्त झाली तेवढी कुणाच्या मयतालाही झाली नसेल. शिपाई एकदा घरून बांगड्याचं तिखलं घेऊन आला. साहेबांनी रस्सा भाताला लावून पाहिला, डोळे पुसले, आणि म्हणाले, "छान आहे. पण उद्या खारेपाटणपर्यंत जायचंय."

गटारसायब हे नाव त्यांना लोकांनी दिलं. इतर साहेब रस्ते बघायला उन्हाळ्यात जात. हे पावसात निघायचे. "उन्हात सगळेच रस्ते चांगले दिसतात," म्हणायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लोखंडी पहार. पाणी तुंबलेलं दिसलं की गाडी थांबवून स्वतः गटार मोकळं करायला लागायचे. झाडाचा पाला, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाची तरी चप्पल, सगळं बाहेर. पाणी खळखळ करून वाहायला लागलं की त्याच्याकडे बघत उभे राहायचे. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मी पाहिलं ते फक्त अशाच वेळी. "रस्ता गाड्यांनी मरत नाही. पाण्याने मरतो," हे त्यांचं वाक्य नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ऐकावं लागायचं.

आणि खात्याची जीप दारात असताना ते एसटीने फिरायचे. बसायचे सगळ्यात मागच्या सीटवर, जिथे माणूस आपटून आपटून अर्धा होतो. कंडक्टर पुढे बोलवायचे, "सायबानू, हय पुढे बसा, जागा आसा." हे मान हलवायचे. "पुढे बसून रस्ता डोळ्यांना दिसतो. मागे बसलं की माकडहाडाला कळतो." परत आले की पाठ धरून खुर्चीत बसायचे आणि मला सांगायचे, "कसालच्या पुढे, वडाच्या अलीकडे, एक खळगा नवीन आहे. लिहा."

लोकांना वाटतं, बांधकाम खातं म्हणजे रस्ते. रस्ते असतातच. पण कचेरीचं गळकं छप्पर आमचं, विश्रामगृहातल्या गादीतला ढेकूण आमचा, वादळात पडलेला आडवा फणस आमचा, दरड आमची, ओढ्यावरचा साकव आमचा, आणि मंत्री हेलिकॉप्टरने येणार असले तर उतरायच्या जागेवर काढायचं चुन्याचं गोल वर्तुळही आमचं. एकदा असं वर्तुळ काढून झालं आणि पावसाची सर येऊन ते धुऊन गेलं. पुन्हा काढलं, पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा उपअभियंता रडकुंडीला आले तेव्हा साहेब त्यांना म्हणाले, "जाऊ द्या हो. वरून येणाऱ्याला सगळंच दिसतं म्हणतात." मंत्री आले नाहीतच.

भूमिपूजनाच्या दगडावर ते आपलं नाव लावू द्यायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की खातं नीट चाललंय याची एकच खूण, लोकांना आपली आठवण येत नाही. "नळाला पाणी आलं की कोण प्लंबरचं नाव काढतो?"

मला वाटायचं, या माणसाच्या हातून कधीतरी काही भयंकर घडलेलं असणार. पूल पडला असेल, माणसं गेली असतील. त्याशिवाय कुणी असं वागत नाही. एकदा धीर करून विचारलंच. "नाही हो. माझा अजून एकही पूल पडला नाही," ते म्हणाले. "म्हणून तर भीती वाटते."

ज्या पुलापायी ते माझ्या डोक्यातून जात नाहीत, त्याची गोष्ट सांगायची तर बागमळा गावापासून सुरू करायला हवी. बागमळा खाडीच्या पलीकडे. खाडीवर जुना पूल, अलीकडच्या तोंडाशी दाजींची चहाची टपरी. दाजी राहायचे पलीकडे, बागमळ्यात, आणि रोज पूल चालून टपरीवर यायचे. पूल नसेल तर बागमळ्याच्या माणसाला हमरस्त्यावर यायला कसालवरून भलामोठा वळसा.

श्रावणात साहेब नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर बसून बागमळ्याहून येत होते. पुलावर मधोमध गाडीने धक्का खाल्ला. तो धक्का पूर्वी नव्हता, असं ते म्हणाले. गाडी थांबवून उतरले, भर पावसात कठड्यावरून वाकून खाली बघत राहिले. मधल्या एका खांबाशी पाणी वेगळं फिरत होतं म्हणे. खांबाला वळसा घालून पुढे जायच्या ऐवजी खाली जात होतं.

खाडीला पूर. खाली उतरून तपासायची सोय नाही. पाणी ओसरेपर्यंत कुणालाच काही सिद्ध करता येणार नव्हतं. उपअभियंता म्हणाले, "सर, कागदावर काहीच नाही. मागच्या तपासणीत पूल ठीक आहे."

"कागदावर यायला तो पडावा लागेल," साहेब म्हणाले.

त्यांनी पूल वाहनांना बंद करायचा प्रस्ताव पाठवला. चालत जायला मोकळीक, तीही एका वेळी थोड्याच माणसांना. वरून परवानगी आली, पण तिच्यात दोन शब्द होते : आपल्या जबाबदारीवर. मी ते वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "मग कुणाच्या?"

आणि चतुर्थी तोंडावर आलेली. चाकरमानी गाड्या भरून यायला लागले होते. जिल्ह्यात या दिवसांत पूल बंद करणं म्हणजे देवाच्या वाटेत आडवं पडणं. पुलाच्या दोन्ही तोंडांशी दगडमातीचे ढीग पडले आणि शिव्या सुरू झाल्या. रात्रीतून कुणीतरी ढीग बाजूला करून गाड्या नेल्या. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः जाऊन पुलाच्या तोंडाशी बसले. प्लास्टिकची खुर्ची, छत्री, पहार. ऑफिस तिथेच. मी रोज जीपने डाक घेऊन जायची आणि ते मांडीवर पॅड ठेवून सह्या करायचे. वळशाच्या पेट्रोलचे पैसे मागत, हात नाचवत, मोबाईल रोखून माणसं यायची. "सायब, गणपती काय आता उडान येतलो?" एकाने विचारलं. साहेब उठले, त्याच्या गाडीतून गणपतीचा पाट बाहेर काढायला मदत केली, आणि त्याच्याबरोबर पलीकडे चालत गेले. मूर्तीवर छत्री धरून. परत आल्यावर तो माणूस शिव्या देत नव्हता, पण त्याने आभारही मानले नाहीत.

शिव्या न देणारे एकटे दाजी. त्यांचं गिऱ्हाईक निम्म्याने कमी झालं होतं, तरी दर तासाला साहेबांना चहा आणायचे. दोघांचं बोलणं चालायचं ते ऐकण्यासारखं असायचं.

"सायबानू, ह्यो पूल माझ्या लग्नात बांधल्यानी. माझी बायल अजून घट्ट आसा, पूल कसो पडतलो?"

"तुमच्या बायकोच्या पायाखालून खाडी वाहते का?"

"रोज व्हावता. तुमी घराक इलास काय कळात."

साहेब हसायचे. सबंध कारकिर्दीत त्यांना असं हसताना मी तिथेच पाहिलं. दाजींकडून ते मालवणी शिकत होते. "माका च्या व्हया" एवढं त्यांना येऊ लागलं होतं, पण "च्या" पुल्लिंगी की स्त्रीलिंगी यावर रोज अडायचे.

गौरी आल्या त्या दिवशी पाऊस धरून बसला होता. मी डाक घेऊन पोचले तेव्हा टपरी बंद होती. सण असेल म्हणून आले नसतील, असं साहेब म्हणाले. थोड्या वेळाने पलीकडे ढिगाऱ्याशी एक रिक्षा येऊन थांबली आणि दाजींचा मुलगा संदेश ओरडत पुलावरून धावत आला. रिक्षा त्याचीच.

"सायबानू, ढीग काढा! बापाशीच्या छातीत दुकता. रिक्षेत आसत. वायच वाट करा, रिक्षा जायत इतकी."

साहेब उठले. एक क्षण त्यांनी पाण्याकडे पाहिलं. खाडीचं पाणी कठड्याकडे चढत होतं.

"रिक्षा नाही," ते म्हणाले. "उचलून आणू. जीप इथे तयार आहे."

"अवो, रिक्षेचा वजन ता किती? एक मिनिट लागात! चलान आणूक किती वेळ जातलो, कळता तुमका?"

"कळतं. रिक्षा नाही."

संदेशने त्यांची कॉलर धरली. मी पुढे झाले, पण साहेबांनी ती सोडवलीही नाही. एका हाताने स्वतःची खुर्ची उचलली आणि तसेच पलीकडे पळत सुटले. त्यांच्या मागे संदेश, जीपचा ड्रायव्हर आणि मी.

दाजी रिक्षात मागे टेकून बसले होते. ओठ पांढरे पडलेले. त्यांना खुर्चीत बसवलं. चौघांनी चार पाय धरले : संदेश, त्याच्याबरोबर आलेला शेजारी, ड्रायव्हर आणि साहेब. मी वर छत्री धरली, तिचा काही उपयोग नव्हता. तो पूल मी कितीतरी वेळा पार केला आहे. एवढा लांब मला तो कधीच वाटला नव्हता. साहेबांचं वय काही कमी नव्हतं. मधे त्यांचा पाय घसरला, गुडघ्यावर आपटले, पण खुर्चीचा पाय सोडला नाही. दाजींनी डोळे उघडले. कोण कोण आहेत ते बघितलं. "सायबानू," ते म्हणाले, "सावकाश."

जीप निघाली. साहेब तिथेच उभे राहिले. दवाखाना यायच्या आधी दाजी गेले.

डॉक्टरांनी सांगितलं, जरा लवकर आले असते तर कदाचित, आणि कदाचित नाहीही. असं डॉक्टरांना सांगावं लागतं. पण 'कदाचित' हा शब्द गावात टिकत नाही. संध्याकाळपर्यंत पलीकडून कुणीतरी काढलेला खुर्चीचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर होता, आणि खाली लिहिलेलं, साहेबाच्या हट्टाने माणूस मारला. पुलाला काहीही झालं नव्हतं. तो पावसात आपला उभा होता.

सण आटोपल्यावर ऑफिसवर मोर्चा आला. घोषणा चालल्या होत्या, "जबाबदार कोण?" अशा घोषणेला उत्तर नसतं, म्हणून ती द्यायला सोपी. साहेब व्हरांड्यात गेले आणि म्हणाले, "मी. आत या, भिजताय." पुढाऱ्याने घोषणा थांबवल्या आणि निवेदन वाचून दाखवलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पोचपावती द्यायला मला सांगितलं.

पूल मात्र त्यांनी शेवटपर्यंत उघडला नाही. बदलीचा हुकूम आला तेव्हाही तो बंदच होता. बदली अशा जागी की जिथे रस्ता नाही, पूल नाही, फक्त टेबल. निरोपसमारंभाचं कुणी नाव काढलं नाही, आणि त्यांनाही तो नको होता. जाण्याआधी मात्र मला म्हणाले, "दाजींच्या घरी जायचंय. तुम्ही बरोबर चला. मला त्यांच्याशी धड बोलता येणार नाही."

आम्ही चालत पूल ओलांडून गेलो. दाजींची बायको ओटीवर बसली होती. तिने आम्हाला बसा म्हटलं, पाणी दिलं. चहा विचारला नाही. साहेब हात जोडून म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

मी भाषांतर करायच्या बेतात होते, तर ती म्हणाली, "कळला माका." तिने पाण्याचे पेले बाजूला सारले. "तुमी खुर्चेचो पाय धरलास, ता झिलान, संदेशान, सांगल्यान. तुमचो गुडघो फुटलो, ताव सांगल्यान. पण सायबानू, राग नाय असा मी सांगूचंय नाय. खोटा कशाक बोला?"

"नका बोलू," साहेब म्हणाले. आणि उठले. तिने त्यांना थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले. कुठल्या सीटवर बसले ते मी बघितलं नाही.

दिवाळीनंतर नव्या साहेबांच्या कारकिर्दीत पुलाची दुरुस्ती निघाली. खांबाभोवती बांध घालून पाणी उपसलं आणि तळ उघडा केला. भरणी सुरू झाली त्या दिवशी उपअभियंता साइटवरून परत आले ते थेट माझ्यासमोर येऊन बसले. पोटाची गोळी काढली, पण खाल्ली नाही. "मॅडम, खांबाखाली काही नव्हतं," ते म्हणाले. "बैलगाडी उभी राहील एवढी पोकळी. काँक्रीट ओततोय, ओततोय, पोट भरत नाही. खांब वरच्या पुलाला लोंबकळत होता म्हणा ना." मग म्हणाले, "आता हे सांगायचं कुणाला?"

कुणालाच सांगितलं नाही. पूल झाला, फीत कापली, नवा दगड बसला. असल्या गोष्टीचं परिपत्रक निघत नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. माझी धाकटी बहीण बागमळ्याच्या पुढे राहते, तिच्याकडे निघाले होते. पुलाच्या तोंडाशी एसटीतून उतरले तर रिक्षा उभी होती ती संदेशची. त्याने मला ओळखलं. मी बसले. पूल अर्धा झाला तेव्हा त्याने वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, एक इचारू? लोक सांगतत, कामाच्या वेळी खांबाखाली भगदाड गावला. खरा?"

"खरं."

"म्हणजे त्या दिवशी रिक्षा घातली असती, तर...?"

"मला माहीत नाही रे," मी म्हणाले. "कुणालाच माहीत नाही."

मागून एका गाडीने हॉर्न दिला, तरी त्याने वेग वाढवला नाही.

"माका वाटता, सुखरूप गेली असती," तो म्हणाला. "माका तसाच वाटूक व्हया, बाई. नायतर मी बापाशीक घेवन खंय निघालो होतंय?"

बहिणीकडे पोचल्यावर मी साहेबांना फोन लावला. निवृत्त होऊन ते घाटावर आपल्या गावी राहतात. आवाज म्हातारा झाला होता. मी त्यांना पोकळीचं सांगितलं. त्यांना ते आजवर कुणीच कळवलं नव्हतं. त्यांनी खोली विचारली, रुंदी विचारली, काँक्रीट कुठल्या प्रतीचं घातलं ते विचारलं. 'बघा, मी म्हणत होतो' असं काही बोलले नाहीत. मग मी संदेश काय म्हणाला ते सांगितलं.



"खरं सांगू?" साहेब म्हणाले. "मी पुष्कळ वेळा गणित मांडलंय. मलाही वाटतं, गेली असती."



"आणि उद्या पुन्हा तसं झालं," ते म्हणाले, "तरी मी नाहीच सोडणार."